पायावर पाणी

यंदा फाल्गुनातच वाढ्यांचे ट्रॅक्टर आमच्या घरावरून जायला लागले. वाढी म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. कारखान्याला ते नको असतात आणि दुष्काळात जनावरांना तेवढंच मिळतं. ट्रॅक्टर गेला की मागे एक गोडसर, किंचित आंबूस वास रेंगाळतो. बायकोला तो फार आवडतो. ती गॅलरीत उभी राहून म्हणते, "बाई गं, अगदी माहेरच्या शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं." मी आत जाऊन दार लावून घेतो. परवा पेपर वाचता वाचता ती म्हणाली, "अहो, शिरूरच्या बाजूला पुन्हा छावण्या उघडणार म्हणे. रिटायर झालेल्या डॉक्टरांनाही बोलावतायत." मी म्हटलं, "चहा कर." ती म्हणाली, "आत्ताच तर प्यालात." एवढ्यावर तो विषय संपला. तिच्यापुरता संपला.

तीस वर्षं मी सरकारी जनावरांचा डॉक्टर होतो. या नोकरीत माणसाची फजिती ठरलेलीच. मी भाकड म्हणून सांगितलेली म्हैस महिन्याभरात व्याली आहे. एका रेड्यानं मला भर बाजारात, इस्त्रीच्या कपड्यांसकट, शेणात लोळवलंय. त्या सगळ्या गोष्टी मी पंगतीत तिखटमीठ लावून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण एका फाल्गुनातले दोन दिवस मी कुणालाच सांगितलेले नाहीत, बायकोलासुद्धा नाही. त्या दोन दिवसांत मी पुण्याला शर्यतीचा घोडा घ्यायला गेलो होतो. घोडा माझा नव्हता आणि हौसही माझी नव्हती. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगत होतो.

शिरूर कासारकडून कड्याकडे जाताना एक उघडाबोडका माळ लागतो. त्या वर्षी तिथल्या एका सहकारी दूध संस्थेनं त्या माळावर जनावरांची छावणी उभी केली होती आणि माझी नेमणूक तिथं होती. दाव्यांच्या लांबच लांब रांगा, रांगांच्या मध्ये पाचटाचे आडोसे, आडोशात चूल, गोधडी, हंडा, कळशी. टँकर यायचा तो आधी जनावरांना कळायचा. माणसांना काही ऐकू यायच्या आधी शेकडो माना एकदम वर व्हायच्या आणि सगळे कान एका दिशेला वळायचे. मग कुठे लांबून घरघर ऐकू यायची. ते पाहताना अंगावर काटा यायचा. आता यात कौतुक कसलं, तहानच ती. पण मी रोज पाहायचो.

त्या छावणीत बायामाणसंच जास्त. आमच्या भागात ऊसतोडीला जाण्याला कोयत्यावर जाणं म्हणतात. दसरा झाला की तरणी माणसं कोयत्यावर जातात, गावात म्हातारी आणि जनावरं उरतात. त्या वर्षी तीही माळावर येऊन पडली होती. पण माळावरचं ते गाव मोठं मजेचं होतं, खोटं कशाला बोलू? सावलीवरून भांडणं व्हायची, दुपारी जात्यावरच्या ओव्या निघायच्या आणि जातं तर कुणाकडेच नसायचं. एका बारशाला मी गेलो होतो, नाव ठेवलं ते म्हशीच्या पारडाचं. हळदीकुंकू, घुगऱ्या, सगळं साग्रसंगीत.

एका रांगेत शेवटून तिसऱ्या आडोशात गयाबाई होत्या. शिरूरजवळच्या एका वस्तीवरच्या. नवरा कधीच वारलेला, मुलगा-सून कोयत्यावर सांगलीकडे. सोबत एक तांबडी गावरान कालवड, पहिलटकरीण, नाव मैना. गयाबाई दिवसभर तिच्या अंगावरचे गोचीड वेचत बसायच्या आणि तिच्याशी बोलायच्या. मी एकदा सहज विचारलं, "मावशी, तुम्ही कधी कोयत्यावर गेला नाहीत का?"

"गेलते की! वीस वरीस गेलते," त्या म्हणाल्या. "कंबर गेली तवा सुटले. आता ही मैना हाय म्हून मी घरी हाय, डाक्टर. ही दूध देईल, दूध डेअरीत जाईल, माझं एकटीचं निघंल. ही नसली तर सून काय मला बसून खाऊ घालायची न्हाई. मग हायेच पुन्हा मोळ्या वाहणं."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गोचीड काढून दगडावर चिरडत, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं सांगितलं.

आता माझी करणी सांगतो. त्या मैनेच्या पोटातलं वासरू हा माझाच प्रताप होता. संस्थेला जास्त दुधाच्या गाई हव्या होत्या, मला वर कळवायला आकडा हवा होता, म्हणून त्या लहानखुऱ्या कालवडीला मी परदेशी जातीच्या थोराड वळूचं रेतन केलं होतं. वासरू मोठं होणार आणि हिची कंबर अरुंद. हे शेळ्या राखणाऱ्यालाही सुचलं असतं, मला मात्र नंतर सुचलं. छावणीत हात घालून तपासली तेव्हा वासराचं खूर माझ्या बोटांना लागलं. चांगलं जाडजूड होतं. मी हात धुतले आणि गयाबाईंना म्हणालो, "मावशी, हिला माझ्याशिवाय जमायचं नाही. मऊ दोरी लावून बेतानं ओढावं लागेल. ही मोकळी होईपर्यंत मी छावणी सोडत नाही."

"जबान देता?"

"दिली."

त्यानंतर त्यांनी गुळाचा एक खडा फडक्यात बांधून आडोशाच्या मेढीला टांगला. व्यालेल्या गाईला गुळाचं पाणी पाजतात, त्यासाठी. मुंग्या चढू नयेत म्हणून रोज सकाळी त्या फडकं सोडून झटकायच्या आणि पुन्हा बांधून ठेवायच्या. मी फेरीला निघालो की ते गाठोडं मला आधी दिसायचं.

संस्थेचे चेअरमन वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायचा माझा डाव आहे. पहाटे पाचला ते छावणीत हजर असायचे. वाढ्यांत माती दिसली तर ट्रॅक्टर आल्या पावली परत पाठवायचे. कोणाची गाय कोणत्या रांगेत आहे हे त्यांना पाठ होतं. त्यांना खूळ फक्त एकच होतं. निजामाच्या काळात त्यांच्या आजोबांच्या दारात घोडी होती, आणि ती घोडी त्यांच्या घरात अजून मेलेली नव्हती. जेवायला बसलं की तिची गोष्ट निघायची. दारात घोडा नाही म्हणजे घराण्याची शान गेली, असं त्यांना मनापासून वाटायचं. तेव्हा घोडा घ्यायचा होता तो त्यांना स्वतःच्या खिशातून, संस्थेचा त्यात संबंध नव्हता.

एका संध्याकाळी ते माझ्या तंबूत आले. "डॉक्टर, उद्या पुण्याला चला. शर्यतीची शिंगरं लिलावाला निघायलीत. बैलातलं मला कळतंय, घोड्यातलं न्हाई. तुमी निसती नजर टाका."

मी नाही म्हणायला हवं होतं, आणि का म्हणालो नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. आमचं गाव एकच, पण त्यांच्या घराच्या पायरीवर माझे वडील कधी चढले नव्हते. आम्ही दीक्षा घेतलेल्या घरातले. वडील काही कामाला गेले तर अंगणाच्या कडेला उभं राहून बोलायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. त्याच घरचा कर्ता माणूस मला शेजारी बसवून पुण्याला न्यायला निघाला होता, माझा सल्ला घ्यायला. मी फुगलो. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण फुगलो हे खरं आहे.

सकाळी निघताना गयाबाई मैनेच्या मागच्या बाजूला उभ्या होत्या. "डाक्टर, हे बगा. शेपटाच्या बाजूला खड्डे पडलेत. कास बी टंच झालीय. आज-उद्याचंच काम हाय."

मी पाहिलं. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मला ते आदल्या दिवशीच दिसलं होतं.

"मावशी, बीडला मीटिंग आहे," मी म्हणालो. "साहेबांनी बोलावलंय. दिवेलागणीच्या आत परत येतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. हातमोजे, इंजेक्शनं आणि ती मऊ दोरी, सगळं त्या बॅगेत असायचं आणि ती मी सवयीनं उचलली होती. "जावा," त्या म्हणाल्या. "सरकारी काम हाय म्हनल्यावर जावंच लागतंय."

पुण्याजवळच्या त्या घोड्यांच्या फार्मवर पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा कानावर आला तो पाण्याचा आवाज. हिरवळीवर फवारे चालू होते. ती हिरवळ कुणी खाणार नव्हतं, ती नुसती बघायला होती. एका बाजूला नळीच्या पाण्यानं शिंगरांना आंघोळी घालत होते, अंगावरून साबणाचा फेस ओघळत गटाराकडे चालला होता. तबेल्यांना पंखे होते. कोणीतरी परातीतून गाजरं चिरून नेत होतं. इथं मला छावणी आठवली, पोटात गलबललं, असं लिहायला हवं. पण छावणी आठवली नाही. मला मजा वाटत होती. कॉलेजात शिकलेला घोडा मला तोवरच्या नोकरीत नीटसा भेटलाच नव्हता, भेटले ते वरातीतले आणि वीटभट्टीवरचे, आणि इथे एकेक शिंगरू असं चालत होतं की मी तोंड मिटायचं विसरलो होतो.

दारातच आम्हाला एक जाड पुस्तक दिलं. त्यात प्रत्येक शिंगराचे आईवडील, आजा-आजी, पणजी, खापरपणजी सगळी छापलेली. आमच्या छावणीत गाईच्या कानाला नुसता नंबर असायचा. चेअरमन पानं उलटत म्हणाले, "आयला, माझ्या खापरपणजीचं नाव मला ठावं न्हाई."

आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण हातावर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून सौदा ठरतो, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. चेअरमननी लिलावाआधीच एका शिंगराच्या मालकाला गाठलं, त्याचा हात धरला आणि खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला. तो सूटबूटवाला आधी दचकला. मग त्याला वाटलं ही काहीतरी गावाकडची रीत असेल. त्यानं रुमालाखालीच त्यांचा हात जोरजोरात हलवला आणि "नाइस टू मीट यू" म्हणाला. चेअरमन गोंधळून माझ्या कानाशी लागले, "किती म्हनला हा? बोटं तर सगळीच हलवली." आम्ही दोघं पोट धरून हसलो. इतका मी त्या वर्षात दुसऱ्यांदा हसलो नव्हतो.

आम्ही एक लालसर तपकिरी शिंगरू निवडलं. दोन वर्षांचं, मागचा एक पाय पांढरा. चेअरमननी आधी मानेवरचा केसांचा भोवरा बघितला आणि शुभ ठरवला. मी दात पाहिले, चारी पाय चाचपले आणि छातीला नळी लावली. इतकं संथ, भरदार काळीज मी कधी ऐकलं नव्हतं. छावणीत कुठल्याही जनावराच्या छातीला नळी लावताना मला आधी धाकधूक व्हायची. इथं मात्र नुसतं ऐकत उभं राहावंसं वाटलं. शिंगरानं माझ्या खिशाला नाक घासलं आणि मी चक्क लाडात आलो. लिलावात हातोडा पडला आणि ते आमचं झालं. 'आमचं' हा शब्द मी तिथं तीनदा तरी वापरला.

चेअरमननी एक ट्रेनर ठरवून ठेवला होता. शांत, वयस्कर माणूस. तो म्हणाला, "याला आता थेट तबेल्यात नेतो. दोन दिवस कुणी हात लावायचा नाही."

"आधी घरी," चेअरमन म्हणाले.

"घरी म्हणजे?"

"गावाकडं. नवं जनावर घेतलं की घरच्या बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. त्याबिगर ते दुसऱ्याच्या दावणीला जात न्हाई. आमच्यात तसं चालत न्हाई."

ट्रेनर माझ्याकडे वळला. "डॉक्टर, तुम्ही सांगा यांना. एवढ्या उन्हात, एवढ्या लांब? कशासाठी?"

तो बरोबर बोलत होता. शिवाय मी तिथं नाही म्हणालो असतो तर आम्ही दोघं मोटारीनं निघालो असतो आणि दिवे लागायच्या आत मी मैनेजवळ असतो. मी पायावर पाणी, ओवाळणी, भोवरे असलं काही मानत नाही. एरवी या विषयावर कुणी अर्धा तास मागितला तर मी तासभर बोलतो. चेअरमन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर असल्यावर भीती कसली?" सगळे माझ्याकडे बघत होते आणि खांद्यावरचा हात जड आणि ऊबदार होता.

"चालेल," मी म्हणालो. "मी शिंगराजवळ ट्रकमध्ये बसतो."

मैना मी त्या वाक्यात मारली. दुष्काळानं नाही, चेअरमननी नाही, मी.

ती गाडी बैलगाडीसारखी चालली. तासातासाला थांबायचं, शिंगराच्या अंगावर ओलं पोतं फिरवायचं, पुण्याहून भरून आणलेल्या कॅनमधलं पाणी पाजायचं. मी ते सगळं जीव लावून केलं. नगर आलं तेव्हा उन्हं उतरली होती आणि शिंगराला दरदरून घाम सुटला होता. चेअरमनच्या सोयऱ्यांच्या मळ्यात मुक्काम ठरला. मी त्याचं अंग पुसत असताना फोन वाजला. छावणीतून रशीदभाई बोलत होते. त्यांची बैलजोडी गयाबाईंच्या शेजारच्या रांगेत असायची.

"डाक्टरसाब, मैना कळा द्यायलीय. पुढचे पाय दिसायलेत, तोंड येईना. कुटं पोचलात?"

"नगरला आहे."

"नगरला?" मागून मैनेचं हंबरणं ऐकू आलं. "बरं. तुमची ती मऊ दोरी कुटं ठेवलीय? आमी ओढून बगतो."

बॅग माझ्या पायाशी होती. मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरचा नंबर दिला, तो लग्नाला गेला होता हे मला नंतर कळलं. तेल लावा म्हणालो, कळेबरोबर ओढा, मधे ओढू नका, धोतराचा सोगा पिळून दोरी करा. फोन ठेवला. चेअरमननी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "जायचं तर जावा डॉक्टर. मोटार हाय, डायव्हर हाय. पण ह्याच्या पोटात कळ आली तर मी काय करू, ते तेवढं सांगून जावा."

दीड तासाचा रस्ता होता. मी शिंगराकडे पाहिलं. ते आरामात गवत खात उभं होतं.

"नको," मी म्हणालो. "त्यांना मी फोनवर सांगितलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. मला झोप लागली.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही माळावर पोचलो. चेअरमनना आपलं शिंगरू आधी छावणीला दाखवायचं होतं. हलगी वाजत होती, घरची मंडळी ताट घेऊन आली होती, सगळ्या रांगांतून माणसं गोळा झाली होती. गाडीचं फळकूट पडलं आणि शिंगराची दोरी हातात धरून आधी मी उतरलो. उतरताना नजर सरळ शेवटून तिसऱ्या आडोशाकडे गेली. तिथं पोत्यांनी काहीतरी झाकलं होतं. रशीदभाई जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पहाटे फजरला गेली. वासरू पोटातच राहिलं."

चेअरमनच्या मंडळींनी शिंगराच्या पायावर कळशीभर पाणी घातलं. हळदीकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पाणी मुरुमात क्षणात जिरलं. मैनेचं कळल्यावर चेअरमननी हलगी थांबवली आणि टोपी काढून हातात घेतली. नाटक नव्हतं ते. मी मात्र दोरी धरून तसाच उभा होतो.

मग नवीनच घोर लागला. शिंगरू पाणी पिईना. पुण्याचे कॅन संपले होते आणि टँकरच्या पाण्याला औषधाचा उग्र वास यायचा. आमची जनावरं ते पीत होती, कारण त्यांना दुसरं मिळतच नव्हतं. हे शिंगरू बादलीत नाक घालायचं, फुरफुरायचं आणि तोंड फिरवायचं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर जाईना. मी घाबरलो. पोत्याखाली मैना पडलेली होती आणि मी घाबरलो होतो ते शिंगरासाठी.

तेवढ्यात माणसं बाजूला सरली. गयाबाई हातात जर्मनचं पातेलं घेऊन आल्या होत्या.

"हे लावून बगा," त्या म्हणाल्या. "गुळाचं हाय. मैनेला करून ठिवलं होतं. तिनं न्हाई पिलं."

मी शिंगराची दोरी आखूड धरली. त्यांनी स्वतःच पातेलं शिंगराच्या तोंडाशी धरलं. त्यानं वास घेतला, ओठ बुडवले आणि मग घोट घोट करत पातेलं तळाला नेलं. गयाबाईंनी दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावरचे केस सारखे केले. तळाशी ओंजळभर उरलं होतं, ते त्यांनी वाकून त्याच्या पुढच्या दोन्ही पायांवर ओतलं. "पाव्हणं हाय," त्या म्हणाल्या. "त्याचा काय गुन्हा?"

मग सरळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मीटिंग झाली का, डाक्टर?"

शिंगराची दोरी माझ्या हातात होती. बुटांवर घोड्याची लीद होती. शंभर माणसं ऐकत होती.

"झाली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शिंगरू पुण्याला परत गेलं. पुढे ते पळालं की नाही, जिंकलं की नाही, मी विचारलं नाही. गयाबाईंच्या मदतीचा अर्ज मीच भरला. मृत्यूचं कारण या रकान्यात मी लिहिलं, प्रसूतीतील अडचण. अक्षर चांगलं काढलं. मदत आली असेल किंवा नसेल, तेही मी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर शिरूरच्या रस्त्यावर कोयत्याचे ट्रॅक्टर लागले. एका ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, गाठोडी, आणि गाठोड्यांवर बसलेल्या गयाबाई. त्यांनी मला पाहिलं आणि त्या लांबूनच ओरडल्या, "डाक्टर, येते मी!" मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. त्या दिवशी माझ्या पायात चपला होत्या.

तिथून पुढे मी त्यांना टाळत आलो. बाजारात तसलं हिरवं लुगडं दिसलं की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचो. 'मीटिंग झाली का' या त्यांच्या सवालाचा अर्थ मी वर्षानुवर्षं लावत बसलो. तो टोमणा होता का? की बिचारीनं भाबडेपणानं विचारलं होतं? टोमणा असता तर मला सोसला असता, आणि भाबडेपणा असेल तर तोंड दाखवायला जागा नव्हती. रोज दाढी करताना एकेका दिवशी एकेक अर्थ खरा वाटायचा. आणि दर फाल्गुनात हा वाढ्यांचा वास, आणि माझं दार लावून घेणं.

पेपरातल्या त्या बातमीनंतर चौथ्या दिवशी मी एस.टी.त बसलो. बायकोला सांगितलं, शिरूरला जाऊन येतो. तिनं विचारलं, कशाला? मी मीटिंग आहे म्हणणार होतो, जीभ तिकडंच वळत होती. मग म्हटलं, एका बाईची माफी मागायची आहे. ती बघतच राहिली, मग पाण्याची बाटली भरून घेऊन आली.

गयाबाई घराच्या पुढ्यात बाभळीखाली बसल्या होत्या. नजर अधू झाली होती, कमरेतून पार वाकल्या होत्या. माझा आवाज ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "डाक्टर ना? बसा. सुनबाई, च्या टाक गं." सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. खुंट्याला काही बांधलेलं नव्हतं.  एवढ्या वर्षांत पाठ केलेलं सगळं विसरलो आणि एकच वाक्य बाहेर पडलं.

"मावशी, त्या दिवशी बीडला मीटिंग नव्हती."

त्या बशीत चहा ओतत होत्या. हात थांबला नाही.

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "मीटिंगला दोरीची बॅग कावून लागती? तुमी निगालात तवाच कळलं मला."

"मग परत आल्यावर विचारलंत ते? मीटिंग झाली का म्हणून?"

"तुमी बोलताल म्हून इचारलं, डाक्टर. न्हाई मावशी, चुकलो, घोड्याला गेलतो, एवढं म्हनला असता तर दोघं मिळून रडलो असतो मैनेला. तुमी झाली म्हनलात. मला एकटीलाच रडावं लागलं."

त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली. चहा गुळाचा होता.